अर्ध्या मिशीची गोष्ट

गल्लीच्या कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाला चिकटून, दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. दोन आपल्या म्हणायच्या; एकीवर गिऱ्हाईक बसतं, दुसरीवर टॉवेलांची चळत. तिथल्या कारागिराला सगळी गल्ली ‘सायलेंट’ म्हणते. ‘जरा सायलेंटकडे जाऊन येतो’ असं सांगून माणूस बाहेर पडला, की बायकोला पक्कं ठाऊक असतं, हा केस कापून येणार, मान स्वच्छ करून येणार आणि गल्लीतली एकसुद्धा बातमी घेऊन येणार नाही. आता तुम्हीच सांगा, असलं कुठे सलून असतं का? पण याचा हात इतका हलका, की लोक येतात, गपगुमान डोकं त्याच्या हवाली करतात आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत बसतात.

नवीन गिऱ्हाईक असलं, तर बिचारं प्रयत्न करून बघतं. "काय उकडतंय नाही?" कात्री चालूच. "कालची मॅच बघितली का?" कात्री चालूच. शेवटी ते वैतागून विचारतं, "अहो, ऐकू येतं ना तुम्हाला?" तेव्हा हा कात्री थांबवतो, ट्रेमध्ये ठेवतो, दोन्ही हात मोकळे करतो आणि म्हणतो, "येतं." मग परत कात्री उचलतो. संपलं भाषण.

आणि गंमत बघा, याच माणसाला लहानपणी याच दुकानात ‘रेडिओ’ म्हणायचे. आपणही त्याला रेडिओच म्हणू. दुसरं नाव त्याला नंतर चिकटलं.

दुकान वडिलांचं. वडिलांच्या तोंडाचा पट्टा असा, की एका दाढीत ते तीन गल्ल्यांची खबर, दोन भांडणांचा निवाडा आणि वर एखादी गोष्ट उरकायचे. पोरगं त्यांच्याही वरताण. शाळेतून आलं की रिकाम्या खुर्चीवर चढून बसायचं आणि सुरू. "लागला रे रेडिओ," म्हणत गिऱ्हाइकं त्याच्याकडे मान वळवायची आणि वडील ओरडायचे, "मान सरळ! कान गेला तर मी जबाबदार नाही." वडिलांच्या सगळ्या गोष्टी पोराला पाठ. त्यात स्वतःची भर घालून ते अशी सांगायचं, की वडीलच हातातला वस्तरा धुवायचं विसरून ऐकत राहायचे.

पोरगं नुसतं बडबडं नव्हतं, हुशारही होतं. शिकलं, परीक्षा दिल्या आणि चक्क पायलट झालं. न्हाव्याचं पोर विमान चालवणार म्हटल्यावर गल्लीला काय आनंद! डोक्यावरून कुठलंही विमान गेलं, की वडील कात्री थांबवून वर बघायचे आणि म्हणायचे, "आमचंच असेल ते." छताकडे बघून म्हणायचे, तरी कुणी हसायचं नाही.

कंपनीतही त्याला दुसरं नाव कधी लागलं नाही. शेजारच्या सीटवर रेडिओ असला, की प्रवास कधी संपला कळत नाही असं लोक म्हणायचे. एक कॅप्टन तेवढा वेगळा होता. कडक माणूस, ओठ शिवल्यासारखे. त्याच्याबरोबर उडायचं म्हणजे बाकीचे ड्युटी बदलून मागायचे. रेडिओने मनाशी पैज लावली होती, की या माणसाला एकदा पोट धरून हसवायचं. कसली ही पैज! पण तरुण होता, आवडता होता, आणि आवडत्या माणसाला आपण सगळ्यांना आवडावं असं वाटतंच.

त्या दिवशी त्याला संधी मिळाली. धावपट्टीपाशी विमानांची लांबच लांब रांग लागलेली. यांचं विमान मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होतं. नियम असा आहे, की चाक एकदा हललं की विमान चांगलं उंचावर जाईपर्यंत कामाशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. नियम दोघांनाही पाठ होता. पण रांग हलेना, कॅप्टन बोटांनी गुडघ्यावर ताल धरून बसलेला, आणि रेडिओच्या जिभेला खाज सुटली. त्याने वडिलांची गोष्ट काढली.

गोष्ट अशी. वडिलांच्या दुकानात एक हेडमास्तर यायचे. भयंकर मिशी आणि भयंकर राग. गल्लीत कुणी त्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं. उद्या त्यांच्या निरोपाचा समारंभ, फोटोबिटो निघणार, म्हणून मिशी कोरून घ्यायला ते आदल्या दिवशी येऊन बसले. वडिलांनी वस्तरा घेतला आणि सवयीप्रमाणे बोलायला लागले. बोलता बोलता रंगले. रंगता रंगता हात फिरला, आणि हेडमास्तरांची उजवीकडची मिशी, अख्खीच्या अख्खी, साबणासकट टॉवेलावर!

इथे कॅप्टन हसला. शिवलेले ओठ उसवले म्हणा ना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. रेडिओला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात यादी वाचायची वेळ झाली. उडण्याआधी एकाने एकेक गोष्ट मोठ्याने विचारायची आणि दुसऱ्याने डोळ्यांनी बघून, हात लावून, मगच उत्तर द्यायचं, ही पद्धत. विमानाच्या पंखांना मागच्या कडेला फ्लॅप नावाच्या पट्ट्या असतात. त्या आधी खाली करून ठेवायच्या, म्हणजे विमानाला नीट उचल मिळते. खाली करणं रेडिओचं काम, बघून सांगणं कॅप्टनचं. रेडिओने त्या खाली केल्याच नव्हत्या. गोष्टीच्या नादात राहून गेलं. यादीत "फ्लॅप?" असं त्यानेच विचारलं, आणि कॅप्टन डोळे पुसतोय हे बघून "आहेत" असं उत्तरही त्यानेच देऊन टाकलं. गोष्टीकडे परत जायची घाई होती ना! पट्ट्या विसरल्या की ओरडणारा एक भोंगा विमानात असतो, तोही त्या दिवशी नेमका बंद पडलेला. धावपट्टीवर वळताना रेडिओ म्हणाला, "थांबा कॅप्टन, खरी गंमत पुढेच आहे."

विमान उचललं गेलं, डगमगलं, शेपूट घासली, आणि धावपट्टी संपली तिथे पलीकडच्या शेतात ते मोडून पडलं. मागच्या भागाला आग लागली. खूप माणसं गेली. कॅप्टन गेला. रेडिओ मोडक्या पायाने आणि भाजलेल्या पाठीने वाचला.

चौकशीत कॉकपिटमधलं, विमानातल्या यंत्राने टिपलेलं, सगळं बोलणं पुढे आलं आणि वर्तमानपत्रांनी ते शब्दन् शब्द छापलं. हेडमास्तर, मिशी, मध्ये कंसात ‘हसण्याचा आवाज’, आणि शेवटी ते वाक्य. ‘खरी गंमत पुढेच आहे.’ मोठ्या अक्षरांत छापलं. दवाखान्याच्या दारात लोकांनी तेच वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. लोकांचं तरी काय चुकलं? ज्यांची माणसं गेली, त्यांनी अजून काय फेकायचं? लायसन्स गेलं, नोकरी गेली. वडिलांनी हाय खाल्ली. विमानाचा आवाज आला की ते मान खाली घालायला लागले आणि पुढच्याच वर्षी गेले. रेडिओ त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला, कारण दुसरं काही त्याला येत नव्हतं.

आणि तो गप्प झाला. एकदम नाही हं, हळूहळू. आधी त्याने फक्त गाडीत बोलणं सोडलं. मग बायको गॅसपाशी असली की बोलेना. मग जिन्यावर बोलेना, रस्ता ओलांडताना बोलेना, कुणाच्या हातात सुरी असली की बोलेना. चाक हलत असताना बोलायचं नाही, एवढाच त्याचा नियम होता. पण संसारात चाक थांबतं कधी? कुणाचे ना कुणाचे हात कामात असतातच. बायको म्हणायची, "अहो, काहीतरी बोला, नाहीतर भांडा तरी." हा तिच्या हातातल्या उकळत्या भांड्याकडे बघत उभा. तिने वाट पाहिली, खूप पाहिली, आणि एक दिवस लेकीला घेऊन ती भावाकडे गेली ती गेलीच. तिला दोष देऊ नका. भिंतीशी किती दिवस संसार करायचा?

लेक तेव्हा लहान होती. तो तिला चिमणी म्हणायचा. पूर्वी रात्री त्याच्या पोटावर झोपून गोष्टी ऐकणारी चिमणी आता दूरच्या शहरात नोकरी करते. दर रविवारी ती फोन करायची. तीच बोलायची. हा रिकाम्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ऐकायचा. आठवडाभर त्या फोनसाठी जगायचा म्हटलं तरी चालेल. सांगायचं ठरवून ठेवलेलं असायचं, काय काय ठरवलेलं असायचं! पण पोरगी कामाची. कधी विळीवर भाजी चिरत बोलायची, कधी रस्त्यातून चालत, बहुतेक वेळा गाडी चालवत, फोन समोर अडकवून. याला मागून हॉर्न ऐकू यायचे, विळीचा आवाज यायचा, आणि याची जीभ टाळूला चिकटायची. "हं," म्हणायचा. "बरं," म्हणायचा. आपण तिला जपतोय असं त्याला वाटायचं. आणि तिला काय वाटायचं, ते एका रविवारी तिने सांगितलं.

"बाबा, मला आता नाही जमत," ती म्हणाली. मागे गाड्यांचा गोंगाट होता. "आईचं काय होत असेल ते मला आता कळलं. मी एकटीच बोलते, तुम्ही हं म्हणता. मी मेले काय, जगले काय, तुमचं हं तेच. पुढच्या रविवारपासून मी फोन करणार नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही करा."

मागे कुणीतरी जोरात हॉर्न दिला. "हं," रेडिओ म्हणाला. फोन बंद झाला.

तो आठवडा त्याने कसा काढला, त्याचं त्याला माहीत. दुकान खायला उठलं. एका गिऱ्हाइकाचे कल्ले त्याने एक वर एक खाली ठेवले, जे उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. रविवारी फोन करायचा तर बोलायचं काय? जे बोलायचं ते सगळं त्या एका अर्ध्या गोष्टीच्या मागे अडकून पडलेलं.

शनिवारी दुपारी, दुकान रिकामं असताना, एक बाई दारात उभी राहिली. केस पांढरे, साडी साधी, हातात कापडी पिशवी. रेडिओ टॉवेल पिळत होता. त्याने तिला ओळखलं आणि टॉवेल हातातून सुटला. कॅप्टनची बायको. पूर्वी एकदा कंपनीच्या जेवणाला भेटली होती, तेव्हा तो तिला वहिनी म्हणाला होता.

"इथे बायकांनी बसलेलं चालतं का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली, "घाबरू नका. मी भांडायला आलेले नाही. आणि माफ करायलाही आलेले नाही, तेही सांगून ठेवते. माफी तुम्ही वकिलामार्फत मागितलीत, ती कपाटात आहे."

रेडिओ भिंतीला टेकला.

"आमचे हे घरात हसायचे नाहीत," ती म्हणाली. "वाईट नव्हते, पण हसायचे नाहीत. लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. मी पुष्कळ प्रयत्न केले, मग सोडून दिले. आणि मग पेपरात वाचलं, कंसात, हसण्याचा आवाज. मी ती ओळ इतक्यांदा वाचली, की कागद फाटला. माझा नवरा शेवटी हसला, आणि तोही परक्या माणसाच्या गोष्टीवर. तुमचा राग आलाच. पण खरं सांगू? मला हेवा वाटला. इतकी वर्षं ती गोष्ट माझ्याही डोक्यात अर्धीच अडकलीय. स्वयंपाक करते, आठवतं, हेडमास्तरांनी मग काय केलं असेल? आता माझंही वय झालं. त्यांची राहिलेली गोष्ट मला पुरी करून सांगा. तेवढ्यासाठी आलेय."

रेडिओने मान हलवली, नाही म्हणून.

"का नाही?"

तिने वाट पाहिली. मग पिशवी बाजूला ठेवून तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, रिकामे, आणि म्हणाली, "हे बघा. माझ्या हातात काही नाही. तुमच्याही हातात काही नाही. मी कुठे निघालेले नाही."

काय सुचलं त्या बाईला कोण जाणे! रेडिओने दुकानभर नजर फिरवली. पाण्याचा नळ बंद. मशीनची वायर काढलेली. कात्र्या ट्रेमध्ये. त्याने पंखा बंद केला, दार लोटलं, दुसऱ्या खुर्चीवरचे टॉवेल उचलून फळीवर ठेवले आणि तिथे बसला. लहानपणी बसायचा तिथेच. पहिला शब्द काही केल्या बाहेर येईना. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवावी तसा घसा खाकरत राहिला.

"हेडमास्तरांनी आरशात पाहिलं," तो शेवटी म्हणाला. "अर्धी मिशी आहे, अर्धी नाही. दुकानात सगळ्यांचा श्वास अडकला. आता हे वडिलांना उभं सोलणार. ते तोंड उघडणार तेवढ्यात वडिलांनी वस्तरा उचलला आणि स्वतःची मिशी, उजवीकडचीच, एका फटक्यात उडवली. साबणबिबण काही नाही. रक्त आलं. आणि म्हणाले, आता ओरडा मास्तर, आपण दोघे सारखे."

"मग?" कॅप्टनची बायको म्हणाली.

"मग हेडमास्तर हसले. पहिल्यांदा. असे हसले, की खुर्चीवरून घसरले. आणि दोघे तसेच, अर्ध्या अर्ध्या मिशीने, गल्लीच्या टोकाला चहा प्यायला गेले. अख्खी गल्ली दारात येऊन बघत होती, आणि हे दोघे कडेकडेने नाही, रस्त्याच्या मधून चालले होते."

तिच्या नाकातून एक आवाज आला, फुस्स, आणि ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावला. ते हसणं केव्हा रडणं झालं, ते दोघांनाही कळलं नाही. रेडिओही रडला. इतक्या वर्षांनी कुणासमोर तरी रडला, आणि रडताना त्याला फार बरं वाटलं.

"हे हसले असते याला," डोळे पुसत ती म्हणाली. "नक्की हसले असते." मग जरा वेळाने विचारलं, "वडिलांनी पुढे बोलणं सोडलं असेल ना? एवढा प्रकार झाल्यावर?"

"वडिलांनी? छे!" रेडिओ म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला. "मिशीला हात घातला की तेवढं गप्प बसायचे. मिशी झाली की परत सुरू."

हे बोलून तो थांबला. वडिलांना त्याने असं शेकडो वेळा पाहिलं होतं. वस्तरा मिशीपाशी आला की बोलणं बंद, वस्तरा पुसला की, "हां, तर काय सांगत होतो?" पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ कधी आपल्याला लावून बघितला नव्हता.

कॅप्टनची बायको उठली. पिशवी घेतली. दारापाशी वळून म्हणाली, "तुमची मिशी अजून चाललीच आहे वाटतं." त्यात राग नव्हता, मायाही नव्हती. ती गेली, आणि परत कधी आली नाही.

रविवारी सकाळपासून रेडिओ खुर्चीवर बसून होता. फोन वाजला नाही. ती शब्दाची पक्की, आजोबांवर गेलेली. फोनची नेहमीची वेळ गेली. जेवणाची वेळ गेली. दुपार कलली तेव्हा त्याने नंबर लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि आता बंद होणार म्हणताना तिने उचलला.

"बाबा?" तिचा आवाज घाबरलेला. याने आजवर कधी फोन केला नव्हता. "काय झालं? बरे आहात ना?" मागे इंजिनाची घरघर, हॉर्न, कुणाचे तरी ब्रेक.

सवयीने रेडिओच्या ओठांवर ‘हं’ आलंच होतं. ते त्याने गिळलं.

"चिमणे," तो म्हणाला, "गाडी चालवतेयस ना?"

"हो, पण ऐकू येतंय, तुम्ही बोला."

"नाही. आधी गाडी बाजूला घे. घाई करू नकोस, नीट बघून घे. थांबलीस की सांग. मी कुठे जात नाही."

पलीकडे नुसते आवाज. इंडिकेटरची टकटक. मागून कुणीतरी चिडून दिलेला हॉर्न. चाकांखाली खडी चुरचुरली. मग इंजिन बंद झालं, आणि फोनवर पहिल्यांदाच शांतता आली, ज्यात कुणाचेच हात कामात नव्हते. त्या शांततेत त्याला तिचा श्वास ऐकू आला, लहानपणी पोटावर झोपायची तेव्हा यायचा तसा.

"थांबले, बाबा," ती म्हणाली. "हँडब्रेक ओढलाय. बोला."

"हां," रेडिओ म्हणाला, "तर काय सांगत होतो?"